सहलीच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी सरली की मराठवाड्यातल्या शाळांच्या सहली अजिंठ्याकडे निघतात. फर्दापूरच्या तिठ्यावर उतरायचे, तिथल्या बसने पायथ्याशी जायचे आणि दोन तासांत सगळ्या लेण्यांना हजेरी लावून डबे खायला परतायचे, असा बहुतेकांचा बेत असतो. वहीत मग 'अप्रतिम चित्रे पाहिली' एवढेच उतरते. त्या चित्रांतली ओढ, ताटातूट, माया मुलांना कळत नाही असे मुळीच नाही. कळायला जी गोष्ट ठाऊक हवी ती त्यांना कुणी सांगितलेली नसते आणि चित्रासमोर उभे राहायला वेळही मिळत नाही. सहल ठरवणाऱ्या शिक्षकांनी यंदा दोनच चित्रे निवडावीत, बाकीचे ओघाने पाहावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

पहिले चित्र १६ व्या लेण्यातले. 'मरणासन्न राजकन्या' म्हणून ते अजूनही दाखवले जाते. एकोणिसाव्या शतकात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेणाऱ्या जॉन ग्रिफिथ्स यांना ती बाई मरणाच्या दारात वाटली आणि तेच पुढे रूढ झाले. पण ही सुंदरी, बुद्धांचा भाऊ नंद याची बायको. अश्वघोषाच्या 'सौन्दरनन्द' काव्यात नंद बुद्धांना भेटायला निघतो तेव्हा ती त्याला बजावते, की माझ्या चेहऱ्यावर रेखलेली नक्षी ओली आहे, ती वाळायच्या आत परत यायचे. तो परत येत नाही. विहारात त्याचे मुंडन होते, तो भिक्षू होतो. चित्रात सेवक त्याचा मुकुट घेऊन आला आहे. मुकुट आला, माणूस आला नाही. हे माहीत असलेले मूल त्या चित्रापुढे आपोआप गप्प होते.

मग त्याला नजर कुठे न्यायची ते सांगावे. आधी मान पाहा, ती एका बाजूला कलली आहे. डोळे अर्धे मिटलेले आहेत. एक हात उशीवर टेकलेला आहे, पण त्यात जोर नाही. त्यानंतर भोवतीच्या बायका: एकीने मागून सावरले आहे, एकीने मनगट धरून चेहऱ्याकडे टक लावली आहे, एक वारा घालते आहे, एकीचा हात स्वतःच्याच छातीवर गेला आहे. चित्रकाराने सुंदरीच्या चेहऱ्यावर अश्रू काढले नाहीत, दुःख या चौघींत वाटून दिले आहे. चेहऱ्याआधी हात वाचायला शिकवले तर मुले हे स्वतः शोधून काढतात.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. उन्हातून आत आल्यावर डोळे सरावायला पाच-सात मिनिटे लागतात आणि तेवढ्यात गट पुढे सरकलेला असतो. बॅटरीच्या गोल उजेडात चेहरा तेवढा दिसतो, हातांचा एकमेकांशी संबंध तुटतो. शिवाय माती, भुसा आणि शेण यांच्या गिलाव्याचे तुकडे जागोजागी पडले आहेत, त्यामुळे आकृती सलग लागत नाही. म्हणून आदल्या दिवशी फळ्यावर खडूने बाह्यरेषा काढून दाखवावी. चित्रकला येत नसली तरी चालेल, कोण कुठे बसले आहे एवढे कळले की झाले.

रंगाबद्दल एक सावधगिरी. भिंतीवरचा तपकिरी, काळवंडलेला सूर म्हणजे चित्रातली उदासी, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रांची डागडुजी केली. तेव्हा चढवलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला. मूळ रंग चांगले उजळ होते, निळा तर थेट अफगाणिस्तानातल्या दगडाचा. भाव शोधायचा तो रेषेत आणि देहाच्या ठेवणीत.

दुसरे चित्र १७ व्या लेण्यात, गाभाऱ्याआधीच्या दालनात. बुद्ध कपिलवस्तूला परतले आहेत, दारात यशोधरा आणि लहानगा राहुल. 'वडिलांकडे तुझा वारसा माग,' असे आईने त्याला सांगितले आहे. बुद्ध प्रचंड मोठे, मायलेक त्यांच्यापुढे अगदी लहान, दोघांच्या माना वर. विद्यार्थ्याला विचारावे: राहुलच्या वडिलांच्या हातात काय आहे? भिक्षापात्र. मग हा वारसा कोणता? उत्तर आपण देऊ नये, घाई तर अजिबात करू नये.

वाचनाचेही असेच आहे. पैठणच्या सातवाहनांतला राजा हाल याच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती' या जुन्या प्राकृत कवितासंग्रहात एक बाई गोदाकाठी फिरायला येणाऱ्या धार्मिक माणसाला म्हणते, की आता निर्धास्त फिरा, तो कुत्रा मेला, काठावरच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने त्याला मारले. वर्गात आपण अर्थ आधी लिहून देतो आणि गाथा तिथेच संपते. त्याऐवजी विचारा: कुत्र्याची भीती गेली हे सांगताना ती सिंहाचे नाव का काढते? नववीचा मुलगाही ओळखतो, की त्या झाडीत त्याने येऊ नये असेच तिला वाटते आहे. तिला तिथे कुणाला भेटायचे आहे, हे त्याच्या पुढचे पाऊल.

आपल्या मुलांच्या पुरवणीत सहलींच्या हंगामाआधी सुंदरी आणि राहुल यांच्या गोष्टी बाह्यरेषेसह छापता आल्या, तर ज्या शाळेत कलाशिक्षक नाही तिथेही त्या पोहोचतील. आणि तारीख ठरवताना सोमवार टाळावा, त्या दिवशी लेणी बंद असतात.

आपले,
मराठी व चित्रकला विषयांचे काही शिक्षक, जालना