सोयाबीन विकण्याआधी

औसा, जि. लातूर

चि. ज्ञानेश्वर यास अनेक आशीर्वाद.

हमीभाव असताना लोक कमी भावात का घालतात, असं तू फोनवर विचारलंस. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये, पण तो 12 टक्के ओलाव्याच्या, स्वच्छ मालाचा. परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन मळणीतून 16-17 टक्के ओलाव्यानं निघतं आणि सरकारी खरेदी केंद्रावरून परत येतं.

16 टक्क्यांचा एक क्विंटल 12 वर आणला की वजन साडेचार किलोनं घटतं. उरलेल्या मालाचे या हमीभावानं साधारण 5085 रुपये होतात. आडतीवर, म्हणजे बाजारातल्या आडत्याकडे, ओल्या मालाला जो भाव सांगतील तो या आकड्याशी ताडून बघ. मधल्या फरकातून मजुरी आणि टेम्पोचं भाडं निघत असेल तरच वाळव.

बनीम, म्हणजे कापलेल्या सोयाबीनची गंजी, ओली असेल तर मळणीची घाई करू नको. मळणी यंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटाला 350 ते 400 च ठेवायला सांग. जास्त फिरवला की दाण्याची डाळ होते आणि प्रत जाते. रास ताडपत्रीवर दोन-तीन इंच जाडीनंच पसर, दर दोन तासांनी पालट आणि ऊन उतरायच्या आत झाक, कारण रात्रीचं दव दिवसभराची मेहनत घालवतं. दाताखाली दाणा दबला तर अजून ओला आहे, कट्कन फुटला तर झालं. तरी कट्टे भरण्याआधी आडतीवरच्या यंत्रावर मॉइश्चर बघून घे. नमुना राशीच्या पोटातला ने, वरचा नको.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, मुदतीतच उरक. शेतात उभं राहूनच फोटो काढावा लागतो. सातबाऱ्यावर सोयाबीन दिसलं नाही तर हमीभावानं विकायची नोंदणी अडते. बँक खातंही आधारला जोडलेलं पाहिजे.

ओलाव्याची अट मला चूक वाटत नाही, ओला माल गोदामात बुरशी धरतो. चूक वेळेची आहे. 2025 ला दिवाळी ऑक्टोबरात होऊन गेली आणि खरेदी सुरू झाली 15 नोव्हेंबरला. कापणीचं गुत्तं (ठेक्याची मजुरी), हरभऱ्याचं बी आणि सण हे सगळं त्याच्या आधी येतं. ज्याला थांबणं परवडतं त्यालाच हमीभाव मिळतो, आणि ज्याच्यासाठी तो ठरवला तो महिनाभर आधीच विकून मोकळा होतो. 2024 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ओलाव्यात 15 टक्क्यांपर्यंत सूट दिली, तीही बराच माल विकून झाल्यावर. खरेदी केंद्रं ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडावीत आणि मोठ्या गावात सोसायटीकडे वाळवणी यंत्र द्यावं, एवढं सरकारला जमण्यासारखं आहे.

तोवर आपल्या हातात शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज 6 टक्के, मुदत 180 दिवस. समितीत आधीच विचारून ठेव, कारण सगळ्याच समित्या ती राबवत नाहीत. गोदामाची पावती आईकडे दे, तीच कर्जाला आणि विक्रीला लागते.

तुझे,
बाबा