दाराशी चकचक कायले पाहिजे?

संपादक साहेब, नमस्कार.
आजकाल गावात नवीन घर झालं की पायरीवर चकचकीत टाइल्स लावतातच, अन् पावसाळ्यात चिखलाचे पाय घेऊन कास्तकार घरी आला की सरळ आपटतो, म्हणून पायरीले खरबरीत टाइल नाहीतर शहाबादी फरशी लावा, तीबी छान दिसते. लोखंडी दार पश्चिमेले असलं तर उन्हाळ्यात ४५ डिग्रीत हात लावून पाहा बाप्पा! त्यापेक्षा सागवानाचं दार बरं; चंद्रपूरचं सागवान तर २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं, आपल्याले सगळ्या दारांले परवडत नसंल तर निदान दर्शनी दारापुरतं घ्या, आतले दारं साधे चालतात. बाहेरून जाळीचं दार मात्र पाहिजेच, डास अन् विंचू दोन्ही अडतात.

– एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर