सूचना : रविवारची बैठक, विषय शिस्त

सर्व पालक आणि आजी-माजी कॅडेट सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे. यंदा डीएनएसला (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स, मर्चंट नेव्हीत डेक अधिकारी होण्यासाठीचा अभ्यासक्रम) गेलेल्या मुलांच्या पालकांनी चुकवू नये.

"पहाटे उठवतात, बुटाला चकाकी नसली तर मैदानाला फेऱ्या, हे कशाला?" असे फोन मला येत असतात. जहाजावर ब्रिजवरची (जहाज हाकतात त्या कक्षातली) वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, साधारण चार तासांची. पुढचा माणूस थोडा आधीच वर येतो, अंधाराला डोळे सरावले की मगच ताबा घेतो. तो झोपून राहिला तर आधीच्याला खाली उतरता येत नाही. १९२७ साली मुंबईत 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावर मर्चंट नेव्हीच्या कॅडेटांचं प्रशिक्षण सुरू झालं, मग 'राजेंद्र', मग 'चाणक्य'. वेळेचा हा काच तेव्हापासूनचा. माझ्या बॅचमधला एक जण हजेरीला कंटाळून बॅग भरून बसला होता. पहिल्या जहाजावरून परतला तो कॅप्टनच व्हायचं ठरवून.

मात्र सिनियरनी रात्री खोलीत बोलावून छळणं ही शिस्त नव्हे, ते रॅगिंग. त्यापायी चांगली मुलं समुद्राचं नाव टाकतात. तसं काही असेल तर बैठकीची वाट न पाहता मला कळवा. नाव बाहेर जाणार नाही.

मुलं सुटीवर असतील तर त्यांनाही आणा. १८ महिन्यांच्या जहाजावरच्या प्रशिक्षणाची नोंदवही कशी भरायची ते दाखवणार आहोत. (रोजच्या रोज, शेवटच्या आठवड्यात एकदम नाही!)

येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत कळवावं, चहाचा अंदाज येतो.

– सचिव