उद्यमबागच्या फिटरमामांना

मामा, सा. न. वि. वि.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, वर चहाही तुम्हीच पाजलात. म्हणून हे जाहीर आभार. बेळगावात उद्यमबागेत कामाची काय घाई असते ते मला ठाऊक आहे. त्यात एका मास्तराची छऱ्याची बंदूक हातातलं काम बाजूला ठेवून बघणारे तुम्ही भेटलात.

स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं तेव्हापासून आमच्या पोराला नेमबाजीचं वेड लागलंय. कोल्हापूरकडचा मुलगा, म्हणजे आपल्या शेजारचाच की! मग .177 इंची छऱ्याची स्प्रिंगवाली एअर रायफल आली, तिच्यावर दुर्बीण बसली आणि शेतात मातीच्या उंच बांधासमोर कागद लावून सराव सुरू झाला. (पाखरांवर नाही, हे मुद्दाम सांगतो.) पण थोडे छर्रे मारले की माउंट, म्हणजे दुर्बीण बंदुकीवर धरून ठेवणारी पकड, ढिला. दुर्बीण मागं सरकायची, नेम कुठल्या कुठं जायचा. बंदूक घेतली त्या दुकानात विचारलं, तर “अजून आवळा”. पुन्हा गेलो, तर “दुर्बीणच बदला”.

तुम्ही मात्र आधी बॅरल सांध्यात खाली वाकवून आत छर्रा नाही ना ते पाहिलंत, आणि मग म्हणालात, “आवळून काय होतंय? कशानं सुटतंय ते बघूया की.”

माउंट खोलून तुम्ही स्क्रू उजेडात धरलात. टोक घासून चकचकीत झालेलं, आणि पकडीच्या जबड्यावरचा काळा रंग मात्र कोरा. स्क्रू भोकाच्या बुडाला टेकत होता. हाताला घट्ट लागायचं, पण जबडा बंदुकीवरच्या 11 मिलिमीटरच्या खाचेवर दाबलाच जात नव्हता. दुकानाच्या सल्ल्यानं आणखी आवळलं असतं तर आटे गेले असते, एवढंच. तुम्ही स्क्रूवर आधी नट चढवलात, टोकाचे दोन आटे कानशीनं उडवलेत आणि नट उलटा फिरवून काढलात, तसे टोकाचे आटे आपोआप साफ झाले. ते बघून पोराचे डोळे विस्फारले. माझेही.

स्प्रिंगची बंदूक दोनदा झटका देते हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कुठं दुर्बीण मागंच का सरकते ते उमगलं. पिस्टन पुढं सुटताना बंदूक मागं येते, आणि तो पुढं जाऊन थांबला की बंदूक पुढं हिसका खाते. दुर्बीण आपल्या वजनानं मागं राहते. त्यासाठीच माउंटच्या पोटात स्टॉप पिन असते. आमची पिन वरच राहिली होती. तुम्ही ती बंदुकीवरच्या भोकात नीट उतरवलीत, पण माउंट खाचेवरून उचलला जाणार नाही इतकीच.

मग थिनरच्या फडक्यानं खाच आणि आटे पुसले. पकडीच्या स्क्रूंना निळ्या लॉकटाइटचा (आटे चिकटवून धरणाऱ्या गोंदाचा) एक-एक थेंब लावलात. लाल नको, परत खोलताना रडवतो, म्हणालात. दुर्बिणीची नळी धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू कोरेच ठेवलेत आणि समोरासमोरचे आलटूनपालटून थोडे थोडे आवळलेत, एलन की दोन बोटांत धरून. तिथं साधारण 2 न्यूटन-मीटर पुरतो. जोर लावला तर दुर्बिणीची नळीच चेपते. शेवटी स्क्रूच्या डोक्यापासून माउंटपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढलीत. रेघ तुटली की स्क्रू हलला म्हणून समजायचं.

“एक दिवस वाळू दे, मग मार,” असं बजावलंत तेव्हा पोरगं हिरमुसलं होतं. त्यावर तुमचा टोला: “त्या कुसाळेच्या बंदुकीवर दुर्बीण होती व्हय रे?” नव्हतीच. ऑलिंपिकच्या रायफलीवर दुर्बीण चालत नाही. आता दुर्बीण न लावताही सराव करायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलंय, त्याचं श्रेय किंवा दोष तुमच्याकडे.

रेघ अजून सरळ आहे. छर्रे कागदावर एकमेकांना चिकटून पडतायत. गावातल्या आणखी एकाची दुर्बीण अशीच सरकते, पण त्याला मी तुमचा पत्ता दिलेला नाही. आधी स्क्रूचं टोक बघ, म्हणून सांगितलंय.

भातकापणी झाली की आमच्याकडे खानापूरला या. मामींनाही आणा. पैसे घेत नाही म्हणता, तर नव्या तांदळाला तरी नको म्हणू नका.

कळावे,
आपला,
बंदूकवाला मास्तर