जपानी आईच्या दोन तासांवर एवढा राग का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जपानमधल्या हल्लीच्या आया घर सोडून मौजमजेत रमल्यात, अशा सुरात बरंच लिहिलं-बोललं जातं, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

लहान मुलांच्या आया दुपारी कराओकेला, म्हणजे भाड्याच्या खोलीत संगीतावर गाणी म्हणायला, जमतात हे खरंय. पण का जमतात तेही बघा ना. दुपारचे दर रात्रीपेक्षा कमी असतात, खोली साउंडप्रूफ असते, बऱ्याच ठिकाणी मुलांसाठी वेगळी रूम मिळते, म्हणजे पोर रडलं काय नि नाचलं काय कुणी डोळे वटारत नाही. टोकियोतल्या छोट्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना आवाज जाईल या धाकात दिवसभर एकटीने मूल सांभाळणाऱ्या बाईला मैत्रिणींशी दोन तास मोकळं बोलता आलं तर बिघडलं कुठे?

तेच ओशिकात्सुचं, म्हणजे आवडत्या गायकाच्या नाहीतर ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या, पात्राच्या वस्तू जमवणं, कॉन्सर्टला जाणं वगैरे. हे काही आजचं नाही, 2004 मध्ये कोरियन नट बे योंग-जुन जपानला आला तेव्हा विमानतळावर हजारोंनी बायका जमल्या होत्या, त्यात मध्यमवयीन बायका किती होत्या! आता तिशीतली आईही आपली आवड उघड सांगते आणि पुष्कळ जणी स्वतःच्या पगारातून खर्च करतात.

मूल गाडीत ठेवून पाचिन्को, म्हणजे मशीनवरचा जुगारासारखा खेळ, खेळायला गेलेले आईबाप आणि उष्म्याने दगावलेली मुलं, हे भयंकर प्रकार घडलेत, त्याचं समर्थन कुणीच करणार नाही, पाचिन्को पार्लरवाले पार्किंगमध्ये फेऱ्या मारून गाड्या तपासतात ते त्यामुळेच. पण त्यावरून सगळ्याच आयांना नावं ठेवायची हे मला अजिबात पटत नाही.

जपान सरकारच्या 2021 च्या पाहणीत, सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात बायको घरकाम आणि मुलांवर दिवसाला 7 तास 28 मिनिटं घालवते, नवरा 1 तास 54 मिनिटं. 2016 मध्ये नवऱ्याचा आकडा 1 तास 23 मिनिटं होता, म्हणजे त्याचा अर्धा तास वाढला आणि तिची मिनिटं कमी झाली फक्त सहा! ऑक्टोबर 2022 पासून बाळ झाल्यावर बापासाठी वेगळी रजा आलीये, पण घेणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची रजा दोन आठवड्यांच्या आतच संपते. हे बाप ऑफिसातून लवकर घरी का येऊ शकत नाहीत यावर एखादा सविस्तर लेख छापाल का?

आपली,
एक वाचक