बाबा, कापूस घरी येईपर्यंत थांबू नका

वर्धा

ती. बाबा आणि आई यांना सा. न.

फोनवर डोळ्यांचा विषय काढला की बाबा पावसावर येतात आणि आई 'जेवली का वं' विचारते. म्हणून पत्र लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, शाई काळी घेतली आहे. दिवसाउजेडी ओसरीत बसून वाचा. आई, तू मोठ्यानं वाच, आणि मधलं काही गाळू नकोस.

मी महालक्ष्म्यांना आले होते तेव्हा बाबा, तुम्ही चष्म्याशिवाय पेपर वाचत होतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेनं सांगत होतात, "आता तं मले बिनाचष्म्याचं दिसते, नजर सुधरली मायी." सगळ्यांनी कौतुक केलं. मला मात्र त्या दिवसापासून चैन नाही. इतकी वर्षं जवळचा चष्मा लावणाऱ्या माणसाला साठीनंतर एकाएकी तो नकोसा होतो, तेव्हा नजर सुधारलेली नसते. डोळ्यातलं भिंग मधोमध घट्ट आणि पिवळसर होत गेलं की त्याचा नंबर बदलतो. जवळचं काही दिवस बरं दिसतं, लांबचं अंधुक होत जातं. पुढे जवळचंही जातं. पुष्कळांचा मोतीबिंदू असाच गुपचूप सुरू होतो.

आणखीही दिसलं मला. मामा अंगणात येऊन उभे राहिले तरी ते बोलेपर्यंत तुम्ही ओळखलं नाही. संध्याकाळी कळंबहून येताना समोरून ट्रॅक्टरचा लाईट आला तशी तुम्ही मोटरसायकल सडकेच्या खाली उतरवली आणि तो पुढे जाईपर्यंत थांबलात. आईनं लुगड्याचा निळा रंग विचारला तर काळा म्हणालात. आई म्हणते, "म्हातारपणी असंच होते." वय झालं म्हणून दिसत नाही, हे वाक्य आपल्या गावात फार सहज बोललं जातं, आणि त्या एका वाक्यापायी किती जण आंधळे होऊन बसले आहेत. वयानं नजर अधू होण्याला काही तरी कारण असतं, आणि त्या कारणाला नाव असतं. ते नाव काय, हे ओसरीत बसून कोणालाच सांगता येत नाही. तुमचा मोतीबिंदूच आहे असं मीही म्हणत नाही. माझी भीती वेगळी आहे.

बाबा, तुमच्या थोरल्या भावाबद्दल, मोठेबाबांबद्दल, आपल्या घरात कोणी बोलत नाही. मी लिहिते. त्यांचंही सगळे म्हणायचे की मोतीबिंदू आहे, अजून पिकला नाही, पिकला की काढू. त्यात किती हंगाम गेले. समोर आलेल्या माणसाला ते नावानं हाक मारायचे, पण बाजूला पडलेल्या जूला अडखळून पडायचे, दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. मोठीआई म्हणायची, "याचं ध्यानच नसते कुठं." नजर जात होती ती कडेकडेनं जात होती, मधलं तेवढं शाबूत होतं, म्हणून ना त्यांना कळलं ना आपल्याला. नागपूरला नेलं तेव्हा समजलं की तो मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता.

डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होत असतं आणि बारीक वाटेनं बाहेर जात असतं. ती वाट तुंबली की आतला दाब वाढतो आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणारी शीर त्या दाबानं हळूहळू मरते. बहुतेकांना दुखत नाही, डोळा लालही होत नाही. मोतीबिंदूनं गेलेली नजर ऑपरेशननं परत येते. काचबिंदूनं गेलेली येत नाही, कोणत्याही दवाखान्यात, कितीही पैसे ओतले तरी. गावात अजून विचारतात, त्यांना दुसरा डोळा बसवता येत नाही का म्हणून. नेत्रदानातून बसवतात ती समोरची पारदर्शक काच. मागची शीर कोणाची कोणाला लावता येत नाही.

पण वेळेवर सापडला तर काचबिंदू आहे तिथं थांबवता येतो. रोजचे थेंब असतात, काहींना लेसर किंवा ऑपरेशन लागतं. आणि ज्याच्या सख्ख्या भावाला काचबिंदू आहे त्याला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. बाबा, मोठेबाबा तुमचे सख्खे भाऊ. मीही माझा दाब मोजून घेतला, दादालाही सांगितलं आहे. तुम्हीच तेवढे राहिलात.

आता मोतीबिंदूच निघाला तर काय, तेही लिहिते, कारण तुमच्या मनात अजून जुन्या काळचं ऑपरेशन आहे. तेव्हा पिकेपर्यंत थांबावं लागायचं, नंतर जाड भिंगाचा चष्मा यायचा, दिवस दिवस उताणं पडून राहावं लागायचं. आता पिकायची वाट पाहणं उलट वाईट. फार पिकलेलं भिंग कडक होतं, ते काढायला अवघड जातं, कधी त्यानंच डोळ्यातला दाब वाढतो. कामात अडचण यायला लागली की काढायचा, एवढाच नियम. आणि हिवाळ्यातच काढावा लागतो असंही काही नाही, कोणत्याही महिन्यात चालतो.

माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात झालं. आधी रक्तदाब, शुगर तपासली, डोळ्याचं माप घेऊन आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढला. डोळा तेवढा बधिर केला, त्या जाग्याच होत्या. पाव तासाच्या आसपास आत असतील. बारीक छेदातून गढूळ झालेलं भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवलं. कंदिलाची काच काजळली की वात वाढवून उपयोग नसतो, काचच बदलावी लागते, तसंच हे, म्हणून कोणत्याही थेंबानं किंवा गोळीनं मोतीबिंदू विरघळत नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे देऊ नका. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर सासूबाई म्हणाल्या, भिंत एवढी पांढरी होती का?

नंतरची काळजी मात्र कडक घ्यावी लागते, आणि बाबा, तिथं मला तुमचीच धास्ती आहे. महिना-सव्वा महिना ठरलेल्या वेळी थेंब घालायचे, घालण्याआधी हात साबणानं धुवायचे. सुरुवातीचे दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोळा चोळायचा नाही, पोतं उचलायचं नाही, चुलीच्या धुरात आणि कोठ्यात जायचं नाही. ऑपरेशननंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी दवाखाना, बाजाराच्या दिवसाची वाट नाही. जवळचं वाचायला पुन्हा चष्मा लागू शकतो, त्याला ऑपरेशन बिघडलं म्हणायचं नाही. पुढं महिन्यांनी, वर्षांनी कधी धूसर वाटू लागलं तर भिंगामागच्या पापुद्र्यावर साय आलेली असते, ती लेसरनं काही मिनिटांत काढतात.

पैशाचा विचार तुम्ही करालच. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याखाली सरकारी दवाखान्यात आणि त्याला जोडलेल्या संस्थांमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं, भिंगासकट. कुठं करायचं ते तपासणीनंतर ठरवू. शेत गहाण टाकायची ही गोष्ट नाही.

तुमच्या शुगरचं थोडक्यात. शुगरवाल्यांच्या डोळ्याचा मागचा पडदा आतल्या आत खराब होऊ शकतो आणि पुष्कळ दिवस कळत नाही. म्हणून दरवर्षी थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यायचा. त्या थेंबानंतर चार-सहा तास अंधुक दिसतं, ऊन डोळ्याला टोचतं, म्हणून त्या दिवशी मोटरसायकल नाही.

आई, तू सुटली असं समजू नको. बाजारातून आणलेला तो तयार चष्मा तू सुईत दोरा ओवायलाही लावते आणि टीव्ही बघायलाही. चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाचा लवचिकपणा जातो, म्हणून जवळचं दिसायला नंबर लागतो. तो चष्मा तेवढ्यापुरता. बाजारातल्या चष्म्यात दोन्ही काचांना एकच नंबर असतो, आणि तुझे दोन्ही डोळे सारखे नाहीत. उजव्या डोळ्यावर हात ठेवून डाव्यानं कॅलेंडर बघ, मग मला सांग. कपाळ दुखतं म्हणून रोज बाम चोळते, त्यात चष्म्याचा वाटा किती तेही बघू. तुझ्याही डोळ्याचा दाब मोजायचा, मोठेबाबा तुझ्या रक्ताच्या नात्यातले नसले तरी.

आता वावराचं, कारण दोघंही आता रोज वावरात राहणार. मागच्या साली तुरीच्या काढणीत शेजारच्यांच्या सालदाराच्या डोळ्यात फांदी लागली. त्यानं मेडिकलमधून लालीचे थेंब आणून घातले. दोन दिवस बरं वाटलं आणि मग डोळ्यात पांढरं फूल पडलं. असे बरेच लालीचे थेंब स्टिरॉइडचे असतात. काडी, पऱ्हाटी, कुसळ लागून झालेल्या जखमेत बुरशी जाऊ शकते आणि स्टिरॉइडनं ती आणखी पसरते. तेच थेंब बरेच दिवस घातले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. बाबा, तुमच्या कोनाड्यात देवाच्या फोटोमागे तशी एक अर्धी बाटली आहे. ती पुन्हा डोळ्यात घालू नका, येताना डॉक्टरांना दाखवायला घेऊन या. डोळ्यात मध, आईचं दूध, कांद्याचा रस, काहीही घालायचं नाही. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार करता तेव्हाही हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. तो चीक बुबुळाला सुजवतो, आणि गंमत म्हणजे बरेचदा दुखत नाही, फक्त दिसेनासं होतं.

फवारणीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, कितीतरी जणांच्या डोळ्यांना त्रास झाला. तेव्हापासून तुम्ही तोंडाला दुपट्टा बांधता, पण डोळे उघडेच असतात. कडेनं बंद असलेला प्लॅस्टिकचा चष्मा दादाजवळ पाठवला आहे, तो तुम्हीही घाला आणि फवारणाऱ्या मजुरालाही द्या. औषध डोळ्यात उडालंच तर तिथंच पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा मिनिटं धुवायचं आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा. कापूस वेचतानाही साधा चष्मा डोळ्यावर असला तरी बोंडाची टोकं आणि काड्या अडतात.

तुम्ही म्हणाल कापूस घरी येऊ दे, मग जाऊ. कापूस आला की तूर येते, तुरीनंतर हरभरा, हरभऱ्यानंतर लग्नं, लग्नांनंतर उन्हाळवाही. मोठेबाबांचेही असेच हंगाम गेले. आत्ता फवारणी उरकली आहे आणि पहिली वेचणी लागायची आहे. पितृपक्ष चालू आहे म्हणून थांबू नका, तपासणीला मुहूर्त लागत नाही. आणि बाबा, आजोबांच्या नावानं पान ठेवता तेव्हा हेही लक्षात घ्या की त्यांच्या दोन मुलांपैकी एकाची नजर गेली आहे.

पुढच्या सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघा. कळंबहून देवळीवरून येणारी गाडी पकडली की दुपारच्या आत वर्ध्याला पोचाल, मी स्टँडवर असेन. दोघांची आधार कार्डं, रेशनकार्ड, बाबांच्या शुगरच्या गोळ्या आणि मागचे रिपोर्ट, घरात असतील नसतील तेवढे सगळे चष्मे आणि डोळ्यात घातलेल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत टाका. मोठेबाबांची नागपूरची फाईल मोठीआईकडून मागून घ्या, डॉक्टरांना ती दाखवायची आहे. गोळ्या त्या दिवशी चुकवू नका आणि उपाशी येऊ नका, तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. बाबा, टोपी आणा, परतताना ऊन सोसणार नाही. दोन दिवस मुक्कामाच्या तयारीनं या, त्याच दिवशी परत जायचा हट्ट नको. बैलांचं आणि म्हशीचं दादा बघेल, त्याच्याशी माझं बोलणं झालं आहे.

मोठेबाबा, मोठीआईंना नमस्कार सांगा. लहानग्यांना पापा.

तुमची,
ताई