रंग गेला, पण कार्बन कुठे गेला?

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

पाण्यातले प्रदूषक मोडायच्या तुझ्या प्रयोगाचा तू पाठवलेला आलेख नीट बघितला. तासाभरात मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग जवळजवळ संपतो, रेषा सुरेख खाली येते, आणि तुझे सर खूश आहेत. मीही आहे. पण जन्म कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर (ईटीपी) काढलेली बाई कौतुक एका ओळीत आटोपते आणि लगेच हिशेब मागते. रंग गेला हे दिसलं. त्या रेणूतला कार्बन कुठे गेला, ते तुझ्या आलेखात मला कुठेच दिसलं नाही.

स्पेक्ट्रोफोटोमीटर 664 नॅनोमीटरवर फक्त रेणूतला रंग देणारा भाग बघतो. त्या भागाचा एक लचका तुटला की शोषण शून्यावर येतं. रेणूतली बाकीची कार्बनची कडी तशीच पाण्यात तरंगत असतात. मिथिलीन ब्लू तर त्याहून लबाड आहे. ऑक्सिजन कमी पडला तर ते क्षपण होऊन रंगहीन रूपात जातं आणि हवा लागली की पुन्हा निळं होतं. शिवाय ते स्वतःच दृश्य प्रकाश शोषून प्रकाशावर चालणाऱ्या उत्प्रेरकाला, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडला, इलेक्ट्रॉन देऊ शकतं. म्हणजे 'आमचा उत्प्रेरक दृश्य प्रकाशात चालतो' असं तू लिहिशील, आणि काम प्रत्यक्षात त्या रंगानंच केलेलं असेल. अॅनाटेज हे त्याच टायटॅनियम डायऑक्साइडचं एक स्फटिकरूप; त्याचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन उठवायला लागणारी किमान ऊर्जा) 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण 387 नॅनोमीटरच्या आतला अतिनील प्रकाश हवा, आणि सूर्यप्रकाशात तो जेमतेम चार-पाच टक्के. फुजिशिमा आणि होंडा यांचा याच पदार्थावर प्रकाशानं पाणी फोडण्याचा 1972 चा निबंध आल्यापासून लोक हीच अडचण ओलांडायला बघताहेत. तुझ्या उत्प्रेरकानं ती ओलांडली असेल तर उत्तमच, फक्त ते रंगहीन पदार्थावर दाखव. फिनॉल घे, 4-क्लोरोफिनॉल घे.

रंगाबद्दल मी इतकी चिडखोर का, तर आमच्याकडे यंत्र विकायला येणारे सगळे दोन बीकर घेऊन यायचे. एकात काळपट सांडपाणी, दुसऱ्यात नितळ. मीटिंगमध्ये साहेब लोक नितळ बीकर उजेडात धरून बघायचे आणि माना डोलवायचे. मी टीओसीचा, म्हणजे पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनचा, आकडा विचारला की विक्रेता मराठीतून इंग्रजीत जायचा.

फिनॉलचं उदाहरण तुझ्या वहीत पूर्ण मांडून ठेव, कारण या विषयातलं बहुतेक सगळं त्या एका रेणूत सापडतं. हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे या पद्धतींत घाण मोडणारा तो अतिशय आक्रमक तुकडा, फिनॉलच्या कार्बनच्या कड्यावर चढला की आधी कॅटेकॉल आणि हायड्रोक्विनोन तयार होतात, मग बेंझोक्विनोन. या टप्प्यावर रंगहीन द्रावण तपकिरी होतं. पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर फिनॉलचं शिखर गायब, तुझ्या हिशेबानं 'निर्मूलन' जवळपास पूर्ण, आणि पाणी मात्र सुरुवातीपेक्षा जास्त विषारी. चमकणाऱ्या जिवाणूंच्या चाचणीत हायड्रोक्विनोन आणि बेंझोक्विनोन फिनॉलच्या कित्येक पट घातक ठरतात. नंतर कडं उघडतं, मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्ल येतात, आणि शेवटी गाडी ऑक्झॅलिक, फॉर्मिक, अॅसेटिक आम्लांवर येऊन अडते. हायड्रॉक्सिल रॅडिकल फिनॉलवर सेकंदाला प्रति मोलर 10⁹ ते 10¹⁰ या वेगानं तुटून पडतो. ऑक्झॅलिक आम्लाकडे गेला की तोच वेग 10⁶–10⁷ वर घसरतो. फेंटनमध्ये, म्हणजे लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पद्धतीत, तर ऑक्झॅलेट लोहाला धरूनच बसतं. म्हणून टीओसीची रेषा सुरुवातीला हलत नाही, मध्ये पडते आणि शेवटी आडवी होते. ती आडवी झाली म्हणून घाबरू नकोस. तिथे उरलेली आम्लं बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. घाबरायचं ते मधल्या तपकिरी टप्प्याला, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर पुष्कळ लोक प्रयोग थांबवून पेपर लिहितात.

आता तू विचारलंस ते: शुद्ध पाण्यात छान चालणारी प्रक्रिया खऱ्या सांडपाण्यात का कोलमडते? कागद घे आणि माझ्याबरोबर गणित कर. तुझा प्रदूषक लिटरला 1 मिलिग्रॅम, रेणुभार 250 धर. म्हणजे 4 मायक्रोमोलर. रॅडिकलशी वेग 5×10⁹. गुणाकार केलास की सेकंदाला 2×10⁴. पाण्यात बायकार्बोनेट लिटरला 300 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 5 मिलिमोलर. त्याचा वेग फक्त 8.5×10⁶, पण मात्रा इतकी की गुणाकार 4.2×10⁴ येतो. म्हणजे तीनातले दोन रॅडिकल साध्या बायकार्बोनेटनं खाल्ले, आणि अजून सांडपाण्यातले बाकीचे सेंद्रिय पदार्थ मोजलेच नाहीत. त्यात तू हौसेनं पेरॉक्साइड 10 मिलिमोलर ओतलंस तर तेच सर्वांत मोठं गिऱ्हाईक ठरतं: 2.7×10⁷ गुणिले 0.01, म्हणजे 2.7×10⁵. तुझ्या प्रदूषकाच्या वाट्याला शंभरातले जेमतेम सहा रॅडिकल. पेरॉक्साइड वाढवलं की वेग आधी वाढतो आणि मग घटतो, असं तू लिहिलं होतंस ना? त्याचं कारण यात आलं. वेगळा सिद्धान्त मांडायची गरज नाही. प्रयोगाला हात लावण्याआधी हा भागाकार करायची सवय ठेव. आठवड्याचं काम पाच मिनिटांत वाचतं.

हेन्री फेंटननं 1894 मध्ये टार्टरिक आम्लावर लोह आणि पेरॉक्साइडची जोडी चालवून दाखवली, तेव्हा त्याच्या डोक्यात सांडपाणी नव्हतंच. रॅडिकलची कल्पना हाबर आणि वाइस यांनी 1934 मध्ये मांडली. एवढी जुनी पद्धत आजही प्लांटवर टिकून आहे ती स्वस्त आणि सोपी म्हणून. पण तिला पीएच 3 च्या आसपास लागतो: आधी आम्ल घाला, मग उदासीन करायला चुना किंवा कॉस्टिक घाला, आणि मग लोहाच्या गाळाचं काय करायचं ते ठरवा. पेपरमधल्या शेवटच्या परिच्छेदात या गाळाचा उल्लेख सापडला तर मला कळव. मला फार क्वचित सापडतो.

सीओडी, म्हणजे डायक्रोमेटनं मोजलेली पाण्याची ऑक्सिजनची मागणी, तिच्याबद्दल एक सावधगिरी. नमुन्यात उरलेलं पेरॉक्साइड डायक्रोमेट खातं. 1 मिलिग्रॅम पेरॉक्साइड साधारण 0.47 मिलिग्रॅम खोटा सीओडी दाखवतं. ते मारायला बायसल्फाइट जास्त पडलं तर तेही सीओडी दाखवतं. उलट पिरिडीनसारखा पदार्थ डायक्रोमेटला दादच देत नाही, तेव्हा तिथे सीओडी कमी आणि प्रत्यक्षात पाणी घाण. आणि विषारीपणाची चाचणी करशील तेव्हा पेरॉक्साइड आधी कॅटलेज या विकरानं संपव, नाहीतर जिवाणू त्यानंच मरतील आणि दोष मधल्या पदार्थांवर जाईल.

सगळा कार्बन कार्बन डायऑक्साइडपर्यंत न्यायचा हट्ट मात्र धरू नकोस. हे तुझ्या सरांना पटणार नाही कदाचित, पण प्लांटवर पूर्ण खनिजीकरण ही बहुधा चैन असते. बीओडी (जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आणि सीओडीचं गुणोत्तर 0.2 च्या खाली असलेलं पाणी जिवाणू हुंगूनही बघत नाहीत. ऑक्सिडीकरणानं ते 0.4 च्या वर नेलंस की पुढचं काम ते फुकटात करतात. प्रश्न एवढाच की थांबायचं नेमकं कुठे. त्या तपकिरी टप्प्याच्या अलीकडे नाही, पलीकडे, आणि ते घड्याळ लावून ठरत नाही. नमुने काढून बीओडी, टीओसी आणि विषारीपणा तिन्ही एकाच वेळी मोजले तर कळतं. तुझ्या थीसिसमध्ये असा एक तक्ता असला तर बाकी दहा आलेख नसले तरी चालतील, असं माझं मत.

पीफास, म्हणजे पीएफओए आणि पीएफओएससारखी न मोडणारी फ्लोरिनयुक्त रसायनं, घेऊ का, असं विचारलंस. घे, पण समजून घे. कार्बन-फ्लोरिन बंध मोलला 485 किलोज्यूलच्या घरातला. हायड्रॉक्सिल रॅडिकल पीएफओएच्या वाटेला जात नाही. पीएफओएस 2009 मध्ये आणि पीएफओए 2019 मध्ये चिवट घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले, त्यामुळे पैसा आणि घाई दोन्ही या विषयात आहेत, आणि घाईत लिहिलेले निष्कर्षही. इथे कार्बनऐवजी फ्लोरिनचा हिशेब मागायचा. पीएफओएच्या एका रेणूत 15 फ्लोरिन. वजनानं सुमारे 69 टक्के. 1 मिलिग्रॅम खरंच मोडलं असेल तर 0.69 मिलिग्रॅम फ्लोराइड पाण्यात सापडायला हवं. बरेचदा सापडतं त्याच्या निम्मं, कारण साखळी एकेक कार्बननं आखूड होत सात, सहा, पाच अशी उतरते आणि ते आखूड तुकडे पाण्यातच राहतात, शिवाय शोषकावर धरून ठेवणं आणखी अवघड. सक्रिय कोळशावर चिकटून पाण्यातून गेलेलं पीएफओए तर मोडलेलंच नसतं, ते फक्त जागा बदलतं. आणि बोरॉन-डोप्ड डायमंड इलेक्ट्रोड वापरणार असशील तर क्लोराइड असलेल्या पाण्यात पर्क्लोरेट मोज. ओझोन वापरलास तर ब्रोमाइड बघ, कारण त्यातून ब्रोमेट होतं, आणि पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची त्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. एक घाण काढताना दुसरी तयार होते, ती कुणी मोजली नाही म्हणून नसते असं नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात: प्रदूषक दहापट कमी करायला घनमीटरला किती किलोवॅट-तास वीज लागली, तो आकडा काढ. बोल्टन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये हे माप पक्कं केलं आहे. दिव्याच्या पाटीवरची वॅट संख्या लिहू नकोस, भिंतीतल्या मीटरवरची घे.

आणि आता आईच्या काळज्या. फेंटनमध्ये पेरॉक्साइड एकदम ओतायचं नाही. थेंबाथेंबानं, बर्फाचा टब जवळ ठेवून, कारण सेंद्रिय भार जास्त असला की ते भडकतं. पेरॉक्साइड असलेल्या नमुन्याच्या बाटलीला घट्ट झाकण लावून रात्रभर ठेवू नकोस, ऑक्सिजन साठून बाटली फुटते. पेरॉक्साइड आणि अॅसिटोन एकाच हूडमध्ये ठेवणारा कुणी दिसला तर त्याला तिथल्या तिथे थांबव, मग तो सीनियर असला तरी. सीओडीच्या कुप्यांत पारा, चांदी आणि क्रोमियम असतं. पाणी स्वच्छ करायच्या संशोधनातला तो सर्वांत घाणेरडा कचरा, आणि तो वेगळ्या डब्यात, लेबल लावून जायला हवा. तुमच्या लॅबमधला तो डबा कोण उचलतं आणि कुठे नेतं, ते पुढच्या फोनवर मला सांग.

तुझी,
आई